दारातली खुर्ची

सिनेमा संपला की गोरखआप्पा लोखंडी खुर्ची ओढत नेऊन हॉलच्या दारात टाकायचे आणि तिच्यावर ठाण मांडून बसायचे. दिवे लागलेले, चपला शोधत निघालेली माणसं दारापाशी येऊन अडायची. आप्पा हलायचे नाहीत. "मत?" एवढंच विचारायचे. ज्यानं सिनेमा पाहिला त्यानं मत दिलंच पाहिजे, तेही पडद्यापाशी उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. त्याशिवाय दार नाही. पोटात कळ आली म्हणणाऱ्या एका गृहस्थांनासुद्धा त्यांनी सोडलं नव्हतं. "कळ कोणत्या सीनला आली तेवढं सांगा नि जा," म्हणाले होते.

आमचे हे रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. आमच्या सुरतेच्या मराठी मंडळाचा एक छोटा सिनेमा क्लब होता. त्याचे पत्र्याचे डबे मुंबईहून गाडीनं यायचे, आणि ते सोडवून हॉलवर पोचवायचं काम यांच्याकडे. एका रविवारी डब्यांबरोबर यांनी मलाही नेलं. मी लिंबायतला मराठी शाळेत शिकवत होते. आठवडाभर पोरांवर ओरडून रविवारी दुपारी जरा पाठ टेकावी म्हटलं, तर हे म्हणाले, "चल, फुकट सिनेमा आहे." फुकट ते पौष्टिक, म्हणून गेले. पडद्यावर एक म्हातारा दीड तास भिंतीकडे बघत बसला होता. संपल्यावर मी गुपचूप सटकायला बघते, तर दारात खुर्ची आणि खुर्चीत हा काळासावळा, ठेंगणा माणूस.

"मला काही कळलं नाही हो," मी म्हटलं.

"हे पण मत शे, बाई. तिथं उभ्या राहून सांगा."

माझा पारा चढला. गेले तरातरा आणि सांगितलं, "एक म्हातारा भिंतीकडे बघतो आणि आपण त्याच्याकडे बघतो. माझ्या घरी सासरे आहेत, त्यासाठी मला एवढं ऊन तुडवत यायची गरज नाही." सगळा हॉल हसला. सगळ्यात मोठ्यानं हसले ते आप्पा. त्यानंतर क्लबचा एकही सिनेमा मी चुकवला नाही. सिनेमे बरे असायचे म्हणून नव्हे. माझं बोलणं कोणी इतकं मन लावून ऐकून घेतं, याची मला सवय नव्हती.

आप्पा पांडेसऱ्याच्या एका छपाई मिलमध्ये कलर मास्टर होते. गाव शिंदखेड्याकडचं. साडीचा रंग कालवून, मापून, जमवून द्यायचा हे त्यांचं काम. अंगात कायम पांढरा शर्ट, पण नखांत मात्र त्या त्या मोसमाचा रंग. त्यांची घरमालकीण विमलवहिनी त्यांचा हात धरून नखं बघायची आणि जाहीर करायची, "औंदा राणी कलर चालनार शे." तिचा अंदाज कधी चुकल्याचं मला आठवत नाही.

मत घ्यायची ही खोड त्यांनी मिलमधून आणली होती. नवीन डिझाईनची पहिली साडी छापून निघाली की आप्पा ती टेबलावर पसरायला लावायचे आणि तिला ज्याचा ज्याचा हात लागला त्या सगळ्यांना बोलवायचे. छापणारे, रंग ढवळणारा, खाली झाडू मारणारी बाईसुद्धा. प्रत्येकानं काय दिसतं ते तोंडानं बोलायचं. सगळे बोलले की मगच पुढचा माल चालू. "गप्प बसलेल्या माणसाचा डाग पुढच्या हजार साड्यांवर पडतो," ते म्हणायचे. आणि रंगात आले की अहिराणीत, "डोयास्नी दखं ना, मंग तोंडघाई बोल." डोळ्यांनी पाहिलंस ना, मग तोंडानं बोल. हे वाक्य मी शाळेत इतक्यांदा वापरलं की पोरांना ते माझंच वाटायचं.

क्लबचा पडदाही मिलमधलाच. कोऱ्या कापडाचे दोन पन्हे जोडून शिवलेला. शिवण बरोबर मध्ये यायची, त्यामुळे जगातल्या मोठमोठ्या नटांच्या नाकावरून आमच्याकडे एक रेघ गेलेली असायची. मतांचंही तसंच. सगळी मतं काही मोठी नसत. आमचे हे प्रत्येक सिनेमानंतर उभे राहून एकच मत द्यायचे, "डबे जड होते." आप्पा गंभीरपणे मान डोलावून म्हणायचे, "पुढचा."

एकाच माणसाला सूट होती. जयंतीभाई. अमरेलीकडचे, उंच, सडसडीत. कतारगामला हिऱ्यांना पैलू पाडायचे. शेवटच्या रांगेतल्या भिंतीकडच्या खुर्चीत बसायचे आणि सिनेमा संपला की जागेवरूनच "बराबर छे" म्हणायचे. आप्पा ते चालवून घ्यायचे. आम्ही चिडवायचो, "आप्पा, हा वशिला झाला." आप्पा नुसते हसायचे.

आप्पा आणि जयंतीभाई नवागामला विमलवहिनीच्या घरी वरच्या खोलीत राहायचे. बारा-चौदा वर्षं. सुरतेत दोन पुरुष एका खोलीत राहतात याचं कोणाला नवल नव्हतं. इथे एका खोलीत आठ-आठ जण राहतात आणि पाळीपाळीनं झोपतात. फरक इतकाच की बाकीच्यांची लग्नं व्हायची, खोल्या बदलायच्या, आणि हे दोघं तिथेच होते. सगळ्यांना सगळं दिसत होतं आणि कोणी काही बोलत नव्हतं. मीही नाही. आपल्याकडे याला समजूतदारपणा म्हणतात.

चौऱ्याण्णवला, प्लेगच्या साली अर्धं सुरत गाठोडी बांधून पळालं. आम्ही धुळ्याला गेलो, विमलवहिनी नवऱ्यामुलांसह दोंडाईच्याला. जयंतीभाईंना नेमका तेव्हा ताप भरला. साधाच होता, पण तेव्हा ताप म्हटलं की सख्खी माणसं लांब व्हायची. त्यांच्या कतारगामच्या नातेवाइकांनी खालूनच हाक मारून चौकशी केली आणि गाडी धरली. आप्पा राहिले. वहिनी परत आली तेव्हा हे दोघं पायरीवर बसून शेंगा सोलत होते, आणि तिची तुळस हिरवीगार होती. हे तिनं मला तेव्हाच सांगितलं होतं. त्याचा उपयोग पुढे होणार आहे हे तेव्हा तिलाही माहीत नव्हतं, मलाही.

तर तो सिनेमा. युरोपातल्या कुठल्याशा बदनाम कादंबरीवर काढलेला. ती कादंबरी छापली तेव्हा तिथल्या लोकांनी चौकात जाळली होती, असं डब्यासोबतच्या माहितीच्या कागदावर लिहिलं होतं. गोष्ट एका पाववाल्याची आणि गोदीत काम करणाऱ्या एका हमालाची, दोघा पुरुषांच्या प्रेमाची. आप्पांनी तो मुद्दाम मागवला होता, नेहमीच्या रविवारसाठी, नेहमीच्या पंचवीस-तीस माणसांसाठी. पण डबे आले आणि मंडळाचे अध्यक्ष शरदराव यांची नजर त्या कागदावर पडली. शरदराव बँकेतून निवृत्त झालेले. सुरतेत तीस वर्षं काढूनही 'केम छो' न म्हटल्याचा त्यांना अभिमान होता. त्यांनी कागदाच्या दोनच ओळी वाचल्या, पाववाला आणि गोदी कामगार, आणि खूश झाले. एक मे तोंडावर आला होता. महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन एकत्र, आणि हा आयता कामगारांचा सिनेमा! फळ्यावर लिहून टाकलं, "सहकुटुंब यावे."

"शरदराव, कागद पूर्ण वाचा," आप्पा म्हणाले.

"अहो, कळलं मला. कष्टकऱ्यांची कथा. वाचायचंय काय त्यात?"

आप्पांनी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही. माझ्याजवळ मात्र म्हणाले, "बाई, मी कापडाचं थान लपवलं नाही. त्यांनी उलगडून पाहिलं नाही."

एक मेला हॉल खच्चून भरला. झेंडावंदन झालं, गीत झालं, पेढे वाटले. नवागाम-डिंडोलीकडची लूमवर, म्हणजे यंत्रमागांवर, राबणारी कुटुंबं, नऊवारीतल्या म्हाताऱ्या, मिलमधले आप्पांचे छापणारे, पुढच्या रांगेत लूम-कारखान्यांचे दोन मालक. विमलवहिनी नवी साडी नेसून तिसऱ्या रांगेत. खिडक्यांना चादरी लावल्या आणि सिनेमा सुरू झाला.

पहिला अर्धा तास काहीच झालं नाही. पाववाला कणीक मळतो, हमाल गोण्या उचलतो, दोघं एका टेबलाशी बसून न बोलता पाव खातात. "हे आपल्यासारखंच शे," मागून कोणीतरी म्हणालं. मग पाववाल्यानं हमालाच्या गालावरचं पीठ पुसलं आणि त्याचं चुंबन घेतलं. मधली शिवण दोघांच्या बरोबर मधून गेली होती. मग एकदम खुर्च्या वाजल्या. बायकांनी पोरांचे डोळे झाकले आणि स्वतः बघत राहिल्या. एक मालक ओरडला, "बंद करा रे हे!" शरदराव लगबगीनं प्रोजेक्टरकडे निघाले.

आप्पा प्रोजेक्टरला पाठ लावून उभे राहिले. "ज्याला जायचं त्यानं जावं, दार उघडं आहे. पण अर्धं थान पाहून डाग सांगू नये. सिनेमा पूर्ण होईल."

त्या ठेंगण्या माणसाला बाजूला करायला कोणी पुढे झालं नाही. निम्मा हॉल उठून गेला. पेढे घेऊन गेला, हे सांगायलाच हवं. राहिलो तीस-चाळीस जण. विमलवहिनी जागची हलली नव्हती. लूमवाल्यांपैकी एक मालकही राहिला, बहुधा सगळं किती वाईट आहे ते नीट पाहून घ्यायला. सिनेमा पुढे गेला. गावाला कळतं, पाववाल्याच्या दुकानावर लोक बहिष्कार घालतात, आणि शेवटी हमाल एका सकाळी कालव्यात उडी घेतो. संपला.

दिवे लागले आणि सवयीनं सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. खुर्ची तिथे होती आणि खुर्चीत आप्पा होते.

"आज मतं घ्यायची नाहीत," शरदराव म्हणाले.

"रोज घेतो. आज का नाही?"

"आप्पा, प्रसंग ओळखा."

"ओळखला म्हणून तर बसलो."

शरदरावांना घरी जायचं होतं आणि वाट एकच होती. ते पडद्यापाशी गेले आणि छायाप्रकाशावर बोलले. कृष्णधवल चित्रण, पावसाचा आवाज, कॅमेऱ्याची जागा. पाच मिनिटं बोलले, आणि पडद्यावर दोन माणसं होती हा उल्लेख येऊ दिला नाही. मी मनात म्हटलं, धन्य आहे बाबा तुझी. मग लूमचा मालक उठला. "ही घाण आहे. घाणीवर मत कसलं द्यायचं?" आप्पा शांतपणे म्हणाले, "घाण आहे, हे मत झालं. पुढचा." नियम म्हणजे नियम. तो त्यांनी विरुद्ध बोलणाऱ्यालाही तसाच लावला.

एक म्हातारी म्हणाली की एवढा पाव खाल्ला, पण भांडी कोणी घासली ते दाखवलंच नाही. आमचे हे उठले. चुळबुळले. "डबे जड होते," म्हणाले, आणि त्या ताणातही चार माणसं हसली. मी उभी राहिले. म्हटलं, "हमालाला उशीर झाला की पाववाला त्याचं ताट झाकून ठेवतो आणि स्वतः उपाशी बसतो. माझ्या लग्नाला वीस वर्षं झाली, माझ्यासाठी अजून कोणी ताट झाकून ठेवलेलं नाही. त्यांना काय म्हणायचं ते तुम्ही म्हणा. मला त्या घराचा हेवा वाटला." हे खाली मान घालून चपलेकडे बघत होते.

शेवटी आप्पा उरले. ते नेहमी शेवटी बोलायचे, आणि खुर्ची न सोडता बोलायचे. त्या दिवशी उठले. खुर्ची दारात तशीच ठेवून पडद्यापाशी आले.

हे वाचणाऱ्याला आज कदाचित काही वाटणार नाही. पण तो काळ आठवा. समोर मिलची माणसं बसली होती, ज्यांच्यावर आप्पांची नोकरी चालायची. समोर घरमालकीण होती. कायदाच असा होता की पोलीस दारात आले असते तरी कोणी आप्पांच्या बाजूनं बोललं नसतं. नोकरी, खोली आणि जयंतीभाई, त्या माणसाजवळ जे काही होतं ते सगळं त्या हॉलमध्ये होतं.

"माझं मत," आप्पा म्हणाले. "सिनेमा निम्मा खरा आहे, निम्मा खोटा. एक जण दुसऱ्याचं ताट झाकून ठेवतो, ते खरं आहे. दार वाजलं की दोघं लांब सरकून बसतात, तेही खरं आहे. पण शेवट खोटा. त्याला कालव्यात कशाला बुडवला? लिहिणाऱ्याला वाटलं असेल, असल्या माणसाचं दुसरं काय होणार. मी इतकी वर्षं एका माणसाबरोबर राहतो. सकाळी तो चहा करतो, मी पाणी भरतो. भांडी, आजीबाई, पाळीपाळीनं घासतो. कोणी बुडालं नाही. तापी इतकी जवळ आहे, तरी नाही." मग त्यांचा आवाज चढला आणि गावची बोली आली. "मी जित्ता शे. आठेच शे."

मी जिवंत आहे. इथेच आहे. शरदराव पुटपुटले, "आप्पा, तुम्ही सिनेमावर बोला."

"सिनेमावरच बोललो. जिथं खोटा पडला ते सांगितलं."

तेवढ्यात मागच्या रांगेत खुर्ची सरकली. जयंतीभाई उठले. आप्पांनी चमकून पाहिलं. "तुं बेस ने," म्हणाले. मी आप्पांना घाबरलेलं पाहिलं ते तेव्हाच. स्वतःसाठी घाबरले नव्हते. जयंतीभाई ऐकले नाहीत. खुर्च्यांमधून वाट काढत आले, आप्पांच्या शेजारी उभे राहिले आणि मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदा पडद्यापाशी उभं राहून मत दिलं.

"फिल्म मने गमी. छेल्लुं न गम्युं."

सिनेमा आवडला, शेवट नाही आवडला. एवढंच. लूमचा मालक विमलवहिनीकडे वळला. "वहिनी, ऐकलं ना? तुमच्या घरात हे चालतं. आता खोली रिकामी करून घ्या."

सगळे वहिनीकडे बघायला लागले. तिचं मत अजून व्हायचं होतं. ती उठली, पदर खोचला, पडद्यापर्यंतही गेली नाही.

"माले काय नवं सांगतस तुम्ही? मना डोया फुटेल शेत का?" तिनं बोट त्या मालकाकडे केलं. "प्लेगना टाइमले तुम्ही कोठे व्हतात? आम्ही समदा पळनूत. मनी तुयशीले पानी कोन घाले? खोली मनी शे. माले जो जोयजे तो तठे ऱ्हाई." खोली तिची, तिला हवा तोच तिथे राहणार. आणि मग आप्पांकडे वळून, "आते ती खुर्ची सरकाव. मना कुकर लावाना ऱ्हायना."

मला रडू आलं आणि हसूही आलं. खरं सांगते, त्या दिवशी मला आमच्या माणसांचा जितका राग आला तितकाच अभिमानही वाटला.

पण एरवी सिनेमांत होतं तसं पुढे सगळं गोड झालं नाही. हॉल क्लबला बंद झाला. आप्पांनी पडदा घडी घालून खांद्यावर टाकला आणि लोखंडी खुर्चीही उचलली. "ही माझी वर्गणी," म्हणाले. तेव्हापासून सिनेमे विमलवहिनीच्या गच्चीवर व्हायला लागले, दिवेलागणीनंतर. माणसं पंधरा उरली, मग पंचवीस झाली. मिलमध्ये दोन छापणाऱ्यांनी आप्पांच्या किटलीतला चहा घ्यायचं सोडलं. शेठपर्यंत गोष्ट गेली. शेठ म्हणाले, "मास्टर, कलर बराबर आवे छे ने? बस." धंद्याचं शहर आहे हे. कधीकधी त्याचाही आधार होतो.

मंडळाच्या गणपतीची आरास वर्षानुवर्षं आप्पा करायचे. त्या वर्षी ती ठेकेदाराला दिली. थर्माकोलचा महाल, मागे निळं आभाळ. आप्पा येणार नाहीत असं सगळ्यांनी धरलं होतं. पहिल्याच दिवशी आले, जयंतीभाईंना बरोबर घेऊन आले. देवाला हात जोडले, मागे सरकून आरास बघितली आणि कमिटीला ऐकू जाईल असं म्हणाले, "मत सांगतो. निळा दोन छटा जास्त झाला. बाप्पाचा चेहरा काळवंडला." आणि प्रसाद घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी ठेकेदार निळ्यावर पांढरा हात मारत होता.

एका सकाळी त्यांच्या खोलीच्या दारावर कोणीतरी कोळशानं एक घाणेरडा शब्द लिहून गेलं. मी गेले तेव्हा वहिनी फडकं घेऊन घासत होती. आप्पांनी तिला थांबवलं. "पुसलं तरी सावली राहते, वहिनी. रंगच द्यावा लागतो." आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी दाराच्या दोन्ही फळ्या राणी रंगानं रंगवल्या. अख्ख्या गल्लीत तसलं दार नव्हतं. लांबूनच दिसायचं. "डोयाले टोचस," वहिनी कुरकुरली. "टोचू दे," आप्पा म्हणाले.

मी एकदा त्यांना विचारलं होतं, "आप्पा, सगळ्यांना माहीत होतंच की. सांगायची काय गरज होती?"

ते रंगाच्या वाटीत काडी फिरवत होते. "बाई, सगळ्यांना माहीत असतं नि कोणी बोलत नाही, त्यात माणूस रोज थोडा थोडा पुसला जातो. मला पुसून घ्यायचं नव्हतं."

त्यानंतर तीनेक वर्षांनी आप्पा गेले. मिलमध्येच, रंग कालवताना छातीत दुखलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. गावाहून भाऊ आणि पुतणे आले. आग पुतण्यानं दिली. जयंतीभाई स्मशानात गर्दीत उभे होते, गिरणीतले ओळखीचे कोणीतरी असावेत तसे. कोणी त्यांना पुढे बोलावलं नाही. आमच्या ह्यांनी खांदा दिला.

मंडळानं शोकसभा घेतली. मेलेल्या माणसाला हॉल मिळाला. शरदराव हार घातलेल्या फोटोपाशी उभे राहून म्हणाले की गोरखआप्पा आजन्म ब्रह्मचारी राहिले, संसाराचा मोह न धरता त्यांनी कलेला वाहून घेतलं, त्यांच्या मागे भाऊ व पुतणे असा परिवार आहे. माझं डोकंच सणकलं. ब्रह्मचारी! कोळशानं लिहिणाऱ्यानंसुद्धा आप्पांना एवढी मोठी शिवी दिली नव्हती. ज्या माणसानं याच हॉलमध्ये उभं राहून आपण आहोत असं सांगितलं, त्याला याच हॉलमध्ये पुसून टाकायला निघाले होते.

मी उठले. माईक मागितला नाही. शाळेत ओरडून आवाज कमावलेला होता.

"शरदराव, चूक झाली. आप्पांच्या मागे त्यांचे जयंतीभाई आहेत. ते तिथे मागे बसलेत. आप्पा ब्रह्मचारी नव्हते. त्यांचा संसार होता, आणि तुमच्या-माझ्यापेक्षा बरा होता. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून तोंडानं बोलते. आपल्याकडे माणूस गेला की आपण त्याच्या माणसांच्या दारावर जाऊन बसतो. ज्याला आप्पांसाठी बसायला जायचंय त्यानं नवागामला जावं. दार सापडायला अवघड नाही. राणी रंगाचं आहे."

भावानं मान खाली घातली. शरदरावांनी दोन मिनिटं शांतता पाळू या म्हटलं. माझ्या बाजूला हे उठून उभे राहिले. मला वाटलं मला खाली बसवताहेत. तर म्हणाले, "मी पण जातो आहे," आणि माझ्याआधी दाराकडे निघाले.

त्या संध्याकाळी त्या खोलीत माणसं मावेनात. गच्चीवरची सगळी माणसं होती, भांडी कोणी घासली विचारणारी म्हातारी होती, चहा सोडलेल्या दोघांपैकी एक छापणारा जिन्यात उभा होता. विमलवहिनी सगळ्यांना चहा देत होती. जयंतीभाई भिंतीला टेकून बसले होते. कोपऱ्यात आप्पांचा शर्ट तसाच खुंटीला होता, बाहीवर कुठलासा हिरवा डाग. बसायला गेलेल्या घरातून "येतो" म्हणत नाहीत, उठून निघायचं असतं. आम्ही निघायला उठलो, तर जयंतीभाई आमच्याआधी उठले. भिंतीकडची लोखंडी खुर्ची त्यांनी ओढली, राणी रंगाच्या दारात टाकली आणि तिच्यावर बसले.

"मत?" त्यांनी विचारलं.

आमचे हे सगळ्यांत आधी बोलले, हळू आवाजात. "डबे जड असायचे. आप्पा हलके होते."

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोलकी म्हणून प्रसिद्ध. आयुष्यभर मतं देत आलेली बाई. दारात खुर्ची होती आणि नियम म्हणजे नियम. मी सरळ उभी राहिले आणि त्यांच्याच भाषेत, मला येईल तशी, सांगितलं.

"आप्पा मने गम्या. छेल्लुं न गम्युं."

जयंतीभाईंनी माझ्याकडे पाहिलं. "बराबर छे," म्हणाले, आणि खुर्ची बाजूला घेतली.